गाडीच्या रंगावरचे जाळे

काळ्या किंवा गडद निळ्या गाडीचे बॉनेट भर उन्हात पाहिले, की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसतात. खरे तर ते चरे गोल नसतात. ते सगळ्या दिशांना गेलेले असतात. पण प्रकाशाला आडवे पडलेले तेवढेच चमकतात आणि डोळ्याला वर्तुळाचा भास होतो. यंत्राने पॉलिश करणे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत रबिंग किंवा बफिंग, हे जाळे घालवण्यासाठी असते. चऱ्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत घासून सपाट केला, की चरा उरत नाही. म्हणजे पॉलिश करताना रंगाचा थर प्रत्येक वेळी थोडा कमी होतो, आणि हा थर फारसा जाड नसतो.

आजच्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोटचा वाटा 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. ऊन आणि पाऊस झेलण्याचे काम हाच थर करतो. हलक्या पॉलिशने त्यातला एक-दोन मायक्रॉन जातो, कडक कंपाउंडने त्याहून अधिक. म्हणून नखाला अडकणारा खोल ओरखडा पूर्ण घालवण्याचा हट्ट न धरणेच शहाणपणाचे. त्याची कड थोडी बोथट केली, तरी तो पुष्कळ फिका पडतो.

मुंबईच्या जुन्या टॅक्सीची गोष्ट वेगळी होती. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी पद्मिनी शहरभर धावत असे. 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. तशा जुन्या गाड्यांच्या साध्या एकथरी रंगावर क्लिअर कोट नसे. त्यामुळे काळ्या गाडीला रबिंग केले, की कपडा काळा होई, आणि त्यात बिघडले असे काही नव्हते. आजच्या क्लिअर कोटच्या गाडीवर मात्र पॅडला गाडीचा रंग लागला, तर वरचा थर संपला असे समजावे. तिथे पुन्हा रंग मारण्यावाचून इलाज नाही.

बहुतेक चरे रस्त्यावर नव्हे, तर गाडी पुसताना पडतात. इमारतीतल्या गाड्यांना रोज पहाटे कपडा मारला जातो. एकच बादली, एकच फडके आणि आठ-दहा गाड्या. फडक्यात अडकलेली धूळ मग पाणीपेपरचेच काम करते. मुंबईतल्या शीवमध्ये तर या धुळीला तोटा नाही. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे इथूनच सुरू होतो, आणि मध्य रेल्वेचे रूळ वस्तीला खेटून जातात. रूळ, चाके आणि ब्रेक झिजून उडणारे लोखंडाचे कण रंगात रुततात आणि गंजतात. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी ठिपक्यांसारखे दिसतात. झाडाखाली उभ्या गाडीवर चिकट थेंब आणि पाखरांची विष्ठा पडते. बोअरवेलच्या पाण्याने धुतलेली गाडी तशीच वाळली, तर क्षारांचे डाग उरतात.

हे सगळे काढल्याशिवाय यंत्राला हात लावू नये, कारण पॅडखाली सापडलेला एक कण अख्ख्या दारावर नवे चरे ओढतो. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घेऊन, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खळबळण्याची, गाडी वरून खाली धुवावी. लोखंडाच्या कणांसाठी मिळणारे द्रावण त्यांच्यावर जांभळे होते. तरीही खरखर उरली, तर ओलसर पृष्ठभागावर क्ले बार फिरवावा. तो जमिनीवर पडला, तर टाकून द्यावा. कडांवर रंग पातळ असतो, म्हणून तिथे मास्किंग टेप लावावी. प्लास्टिकच्या पट्ट्याही झाकाव्यात.

यंत्रे दोन प्रकारची असतात. रोटरीचे पॅड एकाच अक्षाभोवती फिरते. ते झपाट्याने कापते, पण एका जागी रेंगाळले तर रंग जाळते, आणि नीट न हाताळल्यास उन्हात दिसणारे धनुष्याकृती पट्टे, म्हणजे होलोग्राम, मागे ठेवते. ड्युअल ॲक्शन यंत्रात पॅड फिरता फिरता हेलकावतेही, त्यामुळे पॉलिशचे दाणे त्याच वाटेने पुन्हा जात नाहीत. नवख्याने हेच घ्यावे. जोर जास्त पडला, तर त्यातल्या बहुतेक यंत्रांचे पॅड फिरायचे थांबते. हे कळावे म्हणून बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवतात.

कोणते पॅड आणि कोणते कंपाउंड, हे गाडीच्या नावावरून ठरवता येत नाही. क्लिअर कोटचा कठीणपणा गाडीगणिक बदलतो. आधी हातभर जागेवर सर्वांत सौम्य जोडी वापरून पाहावी. भागले नाही, तरच पायरी चढावी. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब घेऊन ते आधी हळू गतीने पसरावेत, मग गती वाढवावी. यंत्र आधी आडवे, मग उभे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत, सावकाश न्यावे. दर तुकड्यानंतर पॅड ब्रशने साफ करणे लोक टाळतात, आणि तिथेच काम बिघडते. वाळलेले पॉलिश आणि निघालेला क्लिअर कोट यांनी भरलेले पॅड कापत नाही, फक्त धुरकट करते. पत्रा कोमट झाला तर चालेल, हात ठेववत नसेल तर थांबावे. बंपर प्लास्टिकचा असल्याने त्यातली उष्णता पसरत नाही. तिथे जास्तच सांभाळावे.

कडक कंपाउंडने मोठे चरे गेले, तरी त्याची स्वतःची बारीक धूसरता मागे राहते. गडद रंगावर ती चटकन दिसते. म्हणून मऊ फोम पॅड आणि बारीक फिनिशिंग पॉलिश घेऊन, यंत्राच्या वजनाखेरीज फारसा दाब न देता, शेवटचा हात फिरवावा लागतो. चकाकी खरी याच हाताने येते.

काम नीट झाले का, हे पार्किंगमधल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही. पसरलेला प्रकाश चरे लपवतो. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरावा किंवा गाडी उन्हात काढावी. पॉलिशमधले तेलही चऱ्यांत भरून फसवते. पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते पुसून मगच पाहावे. नाही तर दोन-तीन धुण्यांनंतर जाळे परत दिसते आणि पैसे वाया गेल्याचे कळते.

पॉलिश झालेला रंग उघडा असतो, म्हणून त्यावर लगेच वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग देतात. वॅक्स काही आठवड्यांत उतरते, कोटिंग पुष्कळ टिकते. पण धूळभरल्या फडक्याचे चरे दोन्ही अडवू शकत नाहीत. गाडी पुसणाऱ्याला स्वच्छ मायक्रोफायबरची चार-सहा फडकी देऊन, कोरड्या धुळीवर कपडा मारू नका असे सांगितले, तर पुढचे पॉलिश बरेच लांबते.