रिव्हॉल्वरची मागची साइट

टार्गेट रिव्हॉल्वरवर गोळी ज्या बाजूला जायला हवी, त्याच बाजूला मागची साइट सरकवायची. पुढच्या साइटचं नेमकं उलट. किती सरकवायची, ते साध्या त्रैराशिकाने निघतं. दोन साइट्समध्ये २०० मिलिमीटर अंतर असेल आणि २५ मीटरवर गोळ्या ५० मिलिमीटर डावीकडे लागत असतील, तर साइट उजवीकडे जेमतेम ०.४ मिलिमीटर हलवायची. मात्र एका गोळीवरून स्क्रूला हात लावू नये. निदान पाच गोळ्या झाडाव्यात, त्यांच्या ग्रुपचा मध्य पाहावा आणि मगच ठरवावं. सैल मनगटाचा दोष साइट फिरवून जात नाही.

साइट बदलायची असेल तर आधी सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी असल्याची खात्री करावी. स्मिथ अँड वेसनच्या ‘मॉडेल १४’सारख्या रिव्हॉल्वरवर साइटची पट्टी पुढे एका छोट्या स्क्रूने आणि मागे उंचीच्या स्क्रूने धरलेली असते. दोन्ही सोडवले की पट्टी वर येते. उंचीच्या स्क्रूचा नट मात्र फ्रेमच्या आडव्या खाचेतच राहतो आणि तिथून घरंगळतो, म्हणून खाली कापड अंथरावं. खरा त्रास पट्टीवरचं पातं डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या आडव्या स्क्रूचा. त्याचं टोक कारखान्यातच ठोकून पसरवलेलं असतं. नुसतं पातं बदलायचं तरी हा स्क्रू बहुधा तोडावाच लागतो, त्यामुळे पात्यासोबत नवा स्क्रू आणि नटही घ्यावा. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर हवाच. ढिला असला तर पहिल्याच पिळ्यात खाच फाटते.