वजनापेक्षा वळण भारी

जुन्या लिफ्टमधून उतरवलेला रोप ग्राइंडरने कापून त्याचं टोक उजेडात धरलं, की पोलादाच्या पोटात भलतंच काही सापडतं. बाहेर आठ पेड, प्रत्येक पेडात 19 तारा, म्हणजे एकूण 152 तारांचा वेढा. आणि त्यांच्या मधोमध तेलाने काळवंडलेला वाख. सिसलचा हा धागा आपल्या बांधावरच्या घायपाताच्याच कुळातला. ज्या जातीच्या वाखापासून गावाकडे दावी आणि कासरे वळले गेले, तो शहरातल्या बारा मजली इमारतीत माणसांची ने-आण करतो आहे.

यात काटकसर नाही. वाखाचा गाभा मऊ असतो, त्यामुळे आठही पेडांना बसायला गादी मिळते आणि रोप वळताना ते एकमेकांवर चेपत नाहीत. शिवाय तो तेल धरून ठेवतो. रोपावर ताण आला की थोडं तेल पिळून बाहेर येतं आणि तारांच्या फटींत उतरतं. आता तारांना तेल कशाला लागतं, हा प्रश्न विचारला की लिफ्टच्या दोराचं खरं दुखणं हाती लागतं.

सर्वसाधारण समज असा, की दोराला भीती ओझ्याची. दोन माणसं जास्त शिरली की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘अहो, रोप तुटेल!’ प्रत्यक्षात ओझ्याच्या बाबतीत दोर चांगलाच सुखी असतो. युरोपीय मानकानुसार तीन किंवा अधिक रोप असलेल्या लिफ्टमध्ये दोरांची ताकद प्रत्यक्ष भाराच्या किमान 12 पट हवी. दोनच रोप असतील तर 16 पट. जादा माणसं शिरल्यावर लिफ्ट ठणाणा करते ती मुख्यतः ब्रेक, मोटर आणि पुलीवरची पकड यांच्या काळजीपोटी.

दोराला खातं ते वळण. केबिन वर-खाली होताना दोराचा तोच तो भाग पुलीवर चढतो, वाकतो, उतरतो, सरळ होतो. वाकताना बाहेरच्या बाजूच्या तारा ताणल्या जातात, आतल्या दाबल्या जातात आणि सगळ्याच शेजारणीवर किंचित घसरतात. दिवसभरात शेकडो फेऱ्या, वर्षाला लाखाच्या घरात. एका वाकण्याने काही बिघडत नाही; लाखो वाकण्यांनी पोलाद थकतं आणि त्यात बारीक भेग पडते.

गणित करून पाहण्यासारखं आहे. 10 मिलिमीटर जाडीची पोलादाची अखंड सळई 400 मिलिमीटर व्यासाच्या पुलीवर वाकवायची ठरवली, तर तिच्या पृष्ठभागावर दर चौरस मिलिमीटरला हिशेबाने 5000 न्यूटनचा ताण येतो. रोपाच्या चांगल्या तारासुद्धा साधारण 1770 न्यूटनला तुटतात. म्हणजे सळई पहिल्याच फेरीला कायमची वाकडी. पण तीच जाडी 0.6 मिलिमीटरच्या तारांत वाटून टाकली, की वाकण्याचा ताण 300वर येतो. दोर तारांचा का वळायचा, याचं उत्तर एवढंच. पुली दोराच्या जाडीच्या किमान 40 पट हवी, हा नियमही यातूनच आला. जुन्या इमारतींच्या गच्चीवर लिफ्टसाठी वेगळी खोली बांधलेली दिसते, तिच्यात जागा खाणारं मोठं चाक बसवलेलं असतं.

तारांचा दोर मुळात खाणींसाठी जन्मला. जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगरात क्लाउस्टालच्या खाणींवर विल्हेल्म अल्बर्ट हे अधिकारी होते. तागाचे दोर ओलीत कुजत आणि लोखंडी साखळीची एक कडी गेली की सगळीच गेली. अल्बर्ट यांनी साखळ्यांवर पुन्हा पुन्हा भार देऊन त्या कधी तुटतात हे तपासलं. धातूच्या थकव्यावरच्या पहिल्या प्रयोगांत त्यांची गणना होते. 1834 साली त्यांनी लोखंडी तारांचा दोर हाताने वळून घेतला आणि कॅरोलिन खाणीत लावला. त्यात तीन पेड होते, प्रत्येकात चार तारा, आणि एकेक तार साडेतीन मिलिमीटर जाड. आजच्या मानाने हा दोर फारच राठ. पण साखळीपेक्षा त्याचा मोठा गुण असा, की एक तार तुटली तरी बाकीच्या भार वाहत राहतात आणि तुटलेली तार डोळ्यांना दिसते.

लिफ्टच्या दोराला मात्र खाणीच्या दोराहून एक अडचण जास्त. बहुतेक लिफ्टमध्ये तो पुलीला बांधलेला नसतो, नुसता तिच्यावरून टाकलेला असतो. एका टोकाला केबिन, दुसऱ्या टोकाला काउंटरवेट. पुली फिरते आणि खाचेतल्या घर्षणाने दोर ओढला जातो. म्हणजे तारा एकमेकींवर सहज घसरायला हव्यात, पण दोर पुलीवर घसरता कामा नये. आतून तेलकट, बाहेरून जवळजवळ कोरडा! उत्साहाच्या भरात कोणी रोपाला ग्रीस चोपडलं, तर लिफ्ट मजल्यावर नीट थांबेनाशी होते.

काउंटरवेटचं वजन रिकाम्या केबिनपेक्षा मुद्दाम जास्त ठेवतात, साधारणपणे पूर्ण प्रवासीभाराच्या निम्म्याने. त्यामुळे एकटादुकटा प्रवासी आत असताना ब्रेक निकामी झाला, तर लिफ्ट खाली न पडता वर पळते. सिनेमावाल्यांना हे अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.

दोर तुटलाच तर काय, याचं उत्तर एलिशा ओटिस यांनी 1854 साली न्यू यॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये उंच फळीवर उभं राहून, दोर कापायला लावून दिलं. त्यांच्या यंत्रणेत दोर सैल पडताच दाते रुळात अडकत. पुढे गव्हर्नर आला: केबिनचा वेग ठरल्यापेक्षा वाढला की तो जबडे आवळायला लावतो. 28 जुलै 1945 रोजी बी-25 जातीचं विमान धुक्यात एम्पायर स्टेट इमारतीवर आदळलं, तेव्हा एका लिफ्टचे मुख्य दोर तर गेलेच, गव्हर्नरचा दोरही तुटला. लिफ्टचालक बेटी लू ऑलिव्हर 75 मजले खाली गेल्या आणि तरीही वाचल्या. तुटलेल्या दोरांचा ढीग खड्ड्यात साचला होता, त्याने धक्का सोसला असं मानतात.

एरवी दोर असा अचानक जात नाही, तो आधी सांगतो. मेकॅनिक रोपाभोवती फडकं धरून लिफ्ट सावकाश चालवतो. तुटलेल्या तारेचं टोक फडक्याला अडकतं. मग पिळाच्या एका पूर्ण वेढ्यात किती टोकं सापडली ते मोजायचं, मापाने जाडी बघायची, आणि पेडांच्या खोबणींत तांबूस भुकटी आहे का ते पाहायचं. ती भुकटी म्हणजे वाखातलं तेल संपून तारा कोरड्या घासल्या जात असल्याची खूण. आणखी एक गोष्ट: सगळे रोप सारखे ताणलेले हवेत. पाचातला एक ढिला असला, तर उरलेले चार त्याच्या वाटणीचं ओझं वाहतात आणि आधी झिजतात. त्यातला एकच बदलून पैसे वाचवायची सूचना सोसायटीच्या सभेत हटकून येते. नवा रोप जुन्यांपेक्षा वेगळा ताणतो, म्हणून बदलायचे तर सगळे एकदम, हीच रीत बरोबर.

2000 साली ओटिस कंपनीने दोराचा आकारच बदलला. ‘जेन टू’ लिफ्टमध्ये गोल रोपाऐवजी 30 मिलिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर जाड चपटा पट्टा आला. त्यात पोलादी तारांच्या 12 दोऱ्या शेजारी-शेजारी, प्रत्येकीत 49 तारा. म्हणजे एका पट्ट्यात 588. तार केसाहून थोडीच जाड, त्यामुळे पट्टा सुमारे 100 मिलिमीटरच्या छोट्या पुलीवरही बिनतक्रार वळतो. पुली लहान झाली तशी मोटरही लहान झाली आणि गच्चीवरच्या खोलीची गरज उरली नाही. वरून पॉलियुरेथेनचा लेप असतो: पकड तो देतो, तेलाची कटकट नाही, आवाजही कमी.

पण ज्या गुणामुळे अल्बर्ट यांचा दोर साखळीपेक्षा सरस ठरला, तोच इथे हरवला. लेपाखालची तुटकी तार दिसत नाही, फडक्यालाही लागत नाही. म्हणून या पट्ट्यांतून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून विद्युतरोध मोजतात. तारा तुटू लागल्या की तो वाढतो. युक्ती उत्तम आहे, फक्त त्या यंत्राने दिलेला इशारा वाचणारं कोणीतरी इमारतीत असायला हवं.

इमारत फारच उंच झाली की मात्र वजन पुन्हा हिशेबात येतं, आणि तेही दोराचं स्वतःचं. 13 मिलिमीटरचा रोप मीटरला साधारण 600 ग्रॅम भरतो. 500 मीटर लांबीचे असे आठ रोप म्हणजे जवळपास अडीच टन, एकही प्रवासी न धरता. दुबईच्या बुर्ज खलिफातली सर्वांत लांब लिफ्ट 504 मीटर जाते. पोलादी दोराची व्यवहारातली मर्यादा साधारण तिथेच येते. फिनलंडच्या कोने कंपनीने 2013 साली कार्बन तंतूंचा चपटा ‘अल्ट्रारोप’ जाहीर केला. चाचण्यांना उंच इमारत हाताशी नव्हती, म्हणून कंपनीने खाली जायचं ठरवलं: लोहजा गावच्या टायटिरी चुनखडी खाणीतल्या खोल विहिरीत. एका दमात 1000 मीटर जाण्याचा दावा असलेला हा दोर सौदी अरेबियात बांधल्या जात असलेल्या जेद्दा टॉवरसाठी निवडला गेला आहे. त्याचा आणखी एक फायदा वाऱ्याच्या दिवशी कळतो. सोसाट्याच्या वाऱ्यात गगनचुंबी इमारत सावकाश डोलते, लांब पोलादी दोर त्याच ठेक्यात हेलकावू लागतात आणि लिफ्ट बंद ठेवावी लागते. हलक्या कार्बन दोराचा ठेका इमारतीच्या ठेक्याहून वेगळा असतो, त्यामुळे अशी वेळ कमी येते.