पाण्याची पट्टी वाचावी कशी?



पुराची चाहूल आधी लागावी म्हणून नदीकाठी किंवा पुलाच्या खांबावर मीटर-सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी लावतात. केंद्रीय जल आयोग नर्मदेची पातळी मंडलेश्वर येथे मोजतो. तो आकडा पाण्याची खोली नसून समुद्रसपाटीपासूनची उंची असते. १५ सप्टेंबर २०१९ रोजी सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरले, ते याच मापाने.

नुसत्या आकड्यापेक्षा चढ महत्त्वाचा. दर तासाला वेळ व पातळी वहीत लिहावी. प्रत्येक तासाचा चढ आधीच्यापेक्षा जास्त असेल, तर थांबू नये.

मान नदी लहान. वर जोराचा पाऊस झाला की लवकर फुगते. नर्मदा लांबून येते; मंडलेश्वरला पाणी चढल्यावर आपल्याला थोडी उसंत मिळते. परंतु नर्मदा तुडुंब असली की मान नदीचे पाणी तिच्यात उतरत नाही, मागे फुगते. म्हणून दोन्ही नद्यांची आणि वरच्या धरणांची खबर ठेवावी. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याच धार जिल्ह्यात कारम नदीवरील अपुऱ्या धरणाला गळती लागली, तेव्हा धार व खरगोन जिल्ह्यांतील १८ गावे आधीच रिकामी केली गेली.

गावात पट्टी नसेल तर पंचायतीला विचारून पुलाच्या खांबावर अर्ध्या-अर्ध्या फुटावर ऑइलपेंटने रेघा ओढाव्यात. मागच्या मोठ्या पुराची खूण वडीलधाऱ्यांना विचारून लाल रंगाने दाखवावी. तिच्या बऱ्याच खाली दोन रेघा ठरवाव्यात. पहिलीला पाणी लागले की वीज बंद करून मोटारपंप काढावा, बियाणे-खत उंचावर न्यावे, गुरांची दावी सोडावी. दुसरीला लागले की घरातील सर्वांनी निघावे; म्हातारी माणसे, गरोदर बाया व मुले आधी. ही रेघ इतकी खाली असावी की गाडी भरायला वेळ मिळेल. पट्टी वाचायला पाण्यात उतरू नये, काठावरूनच पाहावी.

पूर ओसरल्यावर विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकून घ्यावी व पाणी उकळून प्यावे. जुलाब झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे आणि दवाखाना गाठावा.

नोहाने तारू बांधले ते पाऊस सुरू होण्यापूर्वी. आपणही प्रार्थना करू या, आणि या रेघा पावसाळ्याआधीच ओढू या, अशी आमची कळकळीची विनंती आहे.