प्रकाशातलं घर आणि कागदावरचं घर

मैत्रिणींनो, घराचा नकाशा हातात आला की तुमचं काय होतं? मी तर बी.ए. होऊनही खरं सांगते, मला त्यातलं काही कळत नाही. ‘इथे ओटा, इथे न्हाणीघर’ असं हे सांगतात आणि मी आपली मान डोलावते!

आम्ही डोंबिवलीकर. दोन खोल्या पुरेनात, म्हणून परवा ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर जागा पाहायला गेलो. बिल्डरच्या ऑफिसात काळोख केलेला, टेबलावर तिरप्या काचा आणि त्यांत प्रकाशाची अख्खी इमारत उभी! वरचे मजले बाजूला होऊन आतल्या खोल्याही दिसत. ओट्यापासून खिडकी किती लांब, तेसुद्धा मला पहिल्यांदाच नीट उमगलं. सासूबाईंनी सगळं निरखलं आणि विचारलं, “छान आहे हो, पण कपडे वाळत कुठे घालायचे?” दाखवणारा मुलगा गप्पच झाला.

याला ‘होलोग्राम’ म्हणतात. खरा होलोग्राम वेगळा असतो. त्याची कल्पना डेनिस गॅबर यांनी १९४७ साली मांडली आणि १९७१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यात लेसरच्या प्रकाशाने वस्तूची खोलीसुद्धा फिल्मवर उतरते. बँकेच्या कार्डावरचं चमकतं चित्र त्याच जातीचं. आम्ही पाहिलं ते मात्र काचेतलं प्रतिबिंब. लंडनच्या रंगभूमीवर १८६२ मध्ये याच युक्तीने भूत दाखवलं होतं!

युक्ती कोणतीही असो, नकाशा न कळणाऱ्या आपल्यासारखीला तिचा फायदाच आहे. पण लक्षात ठेवा, चित्रात जे घातलं तेवढंच दिसतं. शेजारच्या प्लॉटवर उद्या उठणारी इमारत, पाण्याची वेळ, सकाळची लोकलची गर्दी, यांतलं तिथे काही नव्हतं.

आणि कागद तर नसतातच. आमच्या कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींची महारेराकडे नोंदणी झाली होती. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. आयुष्यभराची पुंजी घालून तिथे संसार थाटलेल्या बायकांचं काय झालं असेल, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही.

म्हणून जागा पाहायला जाल तेव्हा एवढं करा:

• महारेराचा नंबर घ्या, पण त्यावर थांबू नका. बांधकाम परवानगी खरी आहे का, ते महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. वकिलाकडूनही कागद तपासून घ्या.
• खोल्यांची मापं ‘कार्पेट एरिया’त मागा आणि घरच्या पलंग-कपाटाशी ताडून बघा.
• नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. त्याहून जास्त मागायला कायद्याने मनाई आहे.
• दाखवलेल्या सोयी छापील माहितीपत्रकात आणि करारात आहेत ना, ते पाहा. जाहिरात किंवा नमुन्याचं घर पाहून पैसे भरले आणि ते खोटं निघालं, तर रेरा कायद्याखाली भरपाई मागता येते.

आम्ही अजून बयाणा दिलेला नाही. सासूबाईंच्या दोरीला आधी जागा मिळू दे, मग बघू!