बेसबॉलमधील फलंदाजीची मूलतत्त्वे : क्रिकेटकडून आलेल्या नवोदित खेळाडूंच्या संदर्भात

प्रस्तावना :
क्रिकेट खेळलेला विद्यार्थी महाविद्यालयाच्या बेसबॉल संघात येतो, तेव्हा त्याचे फटके चुकल्यास मनगट दुबळे असल्याचे निदान केले जाते. वास्तविक दोष बहुधा पावलांत व कमरेत असतो. प्रस्तुत लेखात या दोषाची कारणमीमांसा करून फलंदाजीच्या मूलतत्त्वांचे विवेचन केले आहे.

वेळेचे गणित :
पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचे अंतर १८.४४ मीटर असते. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो आणि बॅट फिरविण्यासच सुमारे ०.१५ सेकंद लागतो. म्हणजे निर्णयासाठी पाव सेकंद उरतो. महाविद्यालयीन स्तरावर वेग कमी असला, तरी अनावश्यक हालचालीस वाव नसतोच.

पवित्रा आणि पकड :
पावलांत खांद्यांहून किंचित अधिक अंतर, गुडघे थोडे वाकलेले आणि भार तळपायाच्या पुढील भागावर असावा. बॅट तळहातात न आवळता बोटांत धरावी. चेंडूशी संपर्क होताना उजव्या फलंदाजाचा उजवा तळवा आकाशाकडे व डावा जमिनीकडे असावा. मनगटे त्यापूर्वीच वळल्यास चेंडू जमिनीलगत जातो.

पाऊल आणि कंबर :
क्रिकेटपटू चेंडूच्या टप्प्याकडे पाऊल टाकतो. बेसबॉलमध्ये टप्पा नसतो. म्हणून पाऊल आखूड व पिचरच्या दिशेने पडावे. अन्यथा शरीराचा भार वेळेपूर्वीच पुढे जातो. त्यानंतर कंबर, खांदे, हात व बॅट या क्रमाने शरीर फिरते. हा क्रम मोडल्यास फटक्यामागे केवळ हातांचे बळ राहते.

नजर :
‘चेंडू बॅटवर लागेपर्यंत पाहा’ ही सूचना शब्दशः पाळता येत नाही. जवळ येणाऱ्या चेंडूचा अखेरचा टप्पा डोळ्यांना गाठता येत नाही, असे बाहिल व लॅरिट्झ यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. म्हणून चेंडू हातातून सुटताना पाहण्यावर भर द्यावा आणि डोके स्थिर ठेवावे.

निष्कर्ष :
सरावाचा क्रम चेंडूविना बॅट फिरविणे, टीवरील स्थिर चेंडू, जवळून हळू टाकलेला चेंडू आणि शेवटी पिचरचा चेंडू असा असावा. पिचरसमोर हेल्मेट अनिवार्य मानावे. विद्यार्थ्याची क्रिकेटची सवय हा त्याचा दोष नव्हे. ती ओळखून योग्य वळण देणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्य होय.