एकट्याला न पेलणारा लेखक

चौदा दिवसांत ४६,८०० पानं. म्हणजे दिवसाला ३,३०० हून जास्त आणि रात्र-दिवस एक धरला तरी मिनिटाला दोनहून अधिक. २०१३ साली लिओ टॉलस्टॉयच्या समग्र लेखनाचं मुद्रितशोधन या वेगानं झालं. मॉस्कोचं टॉलस्टॉय संग्रहालय आणि ‘अ‍ॅबी’ ही सॉफ्टवेअर कंपनी यांनी मिळून वाचकांना हाक दिली होती. छापील पानं स्कॅन झाली होती, अक्षरं यंत्रानं ओळखली होती. आता यंत्राच्या चुका काढायला माणसं हवी होती, तीही बिनपगारी. ४९ देशांतून तीन हजारांवर माणसं पुढे आली. वीस-वीस पानांचा गठ्ठा मागून घ्यायचा, मूळ पानाशी ताडून बघायचा, दुरुस्त करून परत द्यायचा, की पुढचा मागायचा. लेखकाला जाऊन तेव्हा शंभराहून जास्त वर्षं झाली होती.

इतकी पानं आली कुठून? टॉलस्टॉयच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९२८ मध्ये, रशियात त्याच्या समग्र साहित्याचा पहिला खंड निघाला. काम संपलं १९५८ मध्ये. मधल्या तीस वर्षांत एक महायुद्ध होऊन गेलं आणि मुख्य संपादक व्लादिमीर चेर्त्कोव्ह १९३६ मध्येच वारला. एकूण खंड ९०. त्यातल्या फक्त ४५ खंडांत कथा-कादंबऱ्या, नाटकं आणि निबंध आहेत. पुढचे १३ डायऱ्यांचे, त्यापुढचे ३१ पत्रांचे, आणि राहिलेला एक पुरवणीचा. म्हणजे या माणसानं जगासाठी जेवढं लिहिलं, जवळपास तेवढेच खंड त्याच्या खासगी लिखाणानं भरले. दिवसाला शंभर पानं नेटानं वाचली, तरी हा संच संपायला ४६८ दिवस लागतील.

हा सगळा पसारा एकट्या माणसाचा, असं मानायची आपल्याला सवय आहे. पण आकडे जरा उलटून पाहिले, की प्रत्येक मोठ्या आकड्यामागे दुसऱ्या कुणाचे तरी हात दिसतात.

‘वॉर अँड पीस’च घ्या. १८६३ ते १८६९ अशी सहा वर्षं तो ही कादंबरी लिहीत होता. नुसती सुरुवात त्यानं पंधरा वेळा वेगवेगळी करून पाहिली. तिच्या हस्तलिखितांची पाच हजारांवर पानं आजही जपलेली आहेत. त्याचं अक्षर भयंकर, खाडाखोड त्याहून भयंकर. ते लावून वाचायचं आणि सुवाच्य प्रत करायची हे काम पत्नी सोफियाचं. तो ती प्रत पुन्हा खोडायचा, ती पुन्हा उतरवायची. तिनं ही कादंबरी सात वेळा हातानं लिहून काढली, असं नेहमी सांगितलं जातं. प्रत्येक भागाच्या सात प्रती झाल्या असतील-नसतील, पण मूळ रशियन मजकूर साडेचार लाख शब्दांच्या घरात जातो, हे लक्षात घेतलं तर दोनदा-तीनदा उतरवणंही हातावर केवढं ओझं, ते कळतं. लग्न झालं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पुढे तिला तेरा मुलं झाली, त्यातली आठच मोठी झाली. त्यातल्या पहिल्या बाळंतपणांच्या आणि आजारपणांच्या मधल्या वेळात या प्रती निघाल्या.

कादंबरीत पात्रं किती? मोजणारे साधारण ५८० चा आकडा देतात. झार आणि नेपोलियनपासून, ज्याला नावही नाही अशा शिपायापर्यंत. एवढी गर्दी असूनही वाचक हरवत नाही, याचं कारण टॉलस्टॉयच्या कारागिरीत आहे. तो माणसाला एखादी ठळक खूण देतो आणि ती पुन्हा पुन्हा समोर आणतो. आंद्रेई बोल्कोन्स्कीच्या बायकोचा वरचा ओठ थोडा आखूड आहे. त्याच्या बहिणीचे, मारियाचे, डोळे तेजस्वी आहेत. शंभर पानांनंतर नाव विसरलं तरी ओठ आणि डोळे लक्षात राहतात.

युद्धाचंही तसंच. ७ सप्टेंबर १८१२ रोजी बोरोदिनोच्या मैदानात नेपोलियनचे आणि झारचे मिळून सुमारे अडीच लाख सैनिक समोरासमोर आले आणि त्या एका दिवसात सत्तर हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. लिहिता लिहिता टॉलस्टॉय १८६७ मध्ये ते मैदान स्वतः पाहून आला. आणि कादंबरीत ही लढाई त्यानं बरीचशी दाखवली ती पिएर या पात्राच्या नजरेतून, ज्याला युद्धातलं काही कळत नाही आणि जो पांढरी टोपी घालून तोफांमध्ये भटकतोय. अडीच लाखांचा आकडा कुणाला डोळ्यांसमोर आणता येत नाही. गोंधळलेला एक माणूस मात्र लगेच दिसतो.

सिनेमावाल्यांना ही सोय नव्हती. सर्गेई बोंदार्चुकनं १९६० च्या दशकात सोव्हिएत सरकारच्या पाठबळावर या कादंबरीचा चार भागांचा चित्रपट केला. सात तासांहून लांब. लढाईच्या दृश्यांत १,२०,००० सैनिक उभे केल्याची ख्याती जगभर झाली, पण बोंदार्चुकनं नंतर स्वतःच आकडा बारा हजारांवर आणला. शून्य एक कमी झालं, तरी बारा हजार माणसांना गणवेश घालून धुरात पळवणं काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. सोव्हिएत संघात चारही भागांची मिळून साडेतेरा कोटींच्या आसपास तिकिटं खपली आणि १९६९ मध्ये सर्वोत्कृष्ट परदेशी चित्रपटाचा ऑस्कर मिळाला.

आता पैशाचा हिशेब. १८९१ मध्ये टॉलस्टॉयनं जाहीर केलं, की १८८१ नंतरचं आपलं लेखन कुणीही फुकट छापावं. या निर्णयावरून घरात कडाक्याची भांडणं झाली. अपवाद त्यानं ठळकपणे केला तो ‘रिझरेक्शन’ कादंबरीचा. शस्त्र हाती घ्यायला नकार देणाऱ्या दुखोबोर पंथाच्या लोकांचा झारच्या राजवटीत छळ चालला होता. त्यांना कॅनडात नेण्यासाठी १८९९ मध्ये या कादंबरीचे पैसे दिले गेले. साडेसात हजारांच्या आसपास माणसं समुद्र ओलांडून गेली. वाचकांना दुसऱ्या जगात नेणाऱ्या कादंबऱ्या पुष्कळ आहेत. माणसांना खरोखर जहाजात बसवून दुसऱ्या खंडात पोचवायला हातभार लावणारी दुसरी सांगता येणं कठीण.

शस्त्र नाकारणाऱ्या त्याच विचारांचा धागा १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळच्या ११०० एकरांवर पोचला. हर्मन कॅलनबाख यांनी दिलेल्या त्या जमिनीवर गांधीजींनी सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी वसाहत उभारली आणि तिला नाव दिलं टॉलस्टॉय फार्म. मराठीत साने गुरुजींनी टॉलस्टॉयचा कलाविचार ‘कला म्हणजे काय?’ या पुस्तकातून आणला.

फुकट छापू देण्याचं ते वचन पुढेही पाळलं गेलं. नव्वद खंडांवर छापलेलं आहे, की पुनर्मुद्रणाला विनामोबदला परवानगी आहे. २०१३ चे ते तीन हजार लोक जे दुरुस्त करत होते, ते कुणाच्या मालकीचं नव्हतं. दुरुस्त झालेलं सगळं इंटरनेटवर मोफत उपलब्ध झालं.

त्यानंतरही हात येतच राहिले. २०१४ मध्ये ‘अ‍ॅना कारेनिना’चं सलग तीस तासांहून अधिक वाचन झालं, सातशेहून जास्त वाचकांनी मिळून केलेलं आणि इंटरनेटवरून थेट दाखवलेलं. २०१५ च्या डिसेंबरमध्ये पाळी आली ‘वॉर अँड पीस’ची. चार दिवसांत साठ तास, १,३०० वाचक. त्यात एक जण पृथ्वीवर नव्हताच. अंतराळवीर सर्गेई वोल्कोव्हनं आपला उतारा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून वाचला. आपल्याकडच्या सप्ताहात वीणा जशी हातातून हातात जाते आणि खाली टेकत नाही, तशी ही कादंबरी चार दिवस चालत राहिली. त्याआधी अमेरिकेत टीव्हीवरच्या ऑप्रा विन्फ्रीनं २००४ मध्ये आपल्या वाचकमंडळासाठी ‘अ‍ॅना कारेनिना’ निवडली, तेव्हा प्रकाशकाला एकदम आठ लाख प्रती जादा छापाव्या लागल्या. मार्च २०२० मध्ये जग दारं लावून बसलं असताना लेखिका यियुन ली यांनी ‘वॉर अँड पीस’ रोज बारा-पंधरा पानं एकत्र वाचायची टूम काढली. हजारो अनोळखी माणसांनी ८५ दिवसांत ती पुरी केली.

जाड पुस्तकांचे दिवस गेले, असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. टॉलस्टॉय अवाढव्य आहे म्हणून टिकला, असं मला वाटत नाही. त्याचा आकारच असा, की तो वाटून घ्यावा लागतो. आणि त्यानं हक्क सोडल्यामुळे तो कुणालाही वाटून घेता येतो. प्रती उतरवणारी सोफिया, गठ्ठे तपासणारे स्वयंसेवक, आळीपाळीनं वाचणारे १,३०० लोक यांच्यावाचून ही पानं आपल्यापर्यंत अशी आलीच नसती.

राहता राहिला तुमचा-माझा हिशेब. ‘वॉर अँड पीस’ची प्रकरणं ३६१ आहेत आणि बहुतेक प्रकरणं चार-पाच पानांची. दहा-पंधरा मिनिटांचं काम. १ जानेवारीला सुरुवात करून रोज एकच प्रकरण वाचलं, तर २७ डिसेंबरला कादंबरी संपते आणि वर्षाचे चार दिवस उरतात. जगात ठिकठिकाणी वाचक आज याच चालीनं ती वाचतात. एकट्यानं सुरू करू नका. घरातलं, ऑफिसातलं, नाहीतर फोनवरचं एखादं माणूस सोबत घ्या. एवढ्या मोठ्या पुस्तकात दोघांना पुरून उरेल इतकी जागा नक्की आहे.