दहा हजार पावलांचा बाऊ नको

“डॉक्टर, माझी रोज दहा हजार पावले काही होत नाहीत. मग चालून उपयोग तरी काय?” साठी ओलांडलेल्या रुग्णांकडून हा प्रश्न मी वारंवार ऐकतो. एका निवृत्त गुरुजींनी तर याच कारणाने चालणे सोडून दिले. मुलाने आणलेल्या मनगटी घड्याळात आकडा चार हजारांच्या वर जाईना, म्हणून ते खट्टू झाले. तीन महिन्यांत त्यांची आटोक्यात असलेली साखर पुन्हा वाढली. तेव्हा हा आकडा आला कोठून, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

१९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झाले आणि जपानमध्ये व्यायामाची हवा निर्माण झाली. १९६५ मध्ये तेथे पावले मोजणारे एक छोटे यंत्र बाजारात आले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मोजमाप. आकडा गोल आणि लक्षात राहणारा होता, म्हणून तो जगभर पसरला. तो वैद्यकीय संशोधनातून निघालेला नव्हता.

त्याच जपानमधील एक सोपी वाट मी चाललो आहे. सेंदाई शहराजवळ मात्सुशिमा नावाचा उपसागर आहे. त्यात पाइनची झाडे असलेली सुमारे २६० लहान बेटे आहेत. त्यांपैकी किनाऱ्यालगतची तीन बेटे पुलांनी जोडलेली आहेत. ओशिमा हे जुन्या काळी बौद्ध भिक्षूंच्या साधनेचे बेट. त्याचा पूल २०११ च्या त्सुनामीत वाहून गेला, तो पुन्हा बांधला. दुसऱ्या चिमुकल्या बेटावर १६०४ साली बांधलेले गोदाइदो मंदिर आहे. तेथील पुलाच्या फळ्यांमध्ये फटी असून खाली समुद्र दिसतो. देवळात जाण्यापूर्वी भाविकाने पायांकडे पाहून मन एकाग्र करावे, हा त्यामागचा हेतू सांगतात. तिसरे फुकुउराजिमा. त्याचा लाल पूल २५२ मीटर लांब आहे आणि बेटाभोवती झाडीतून पायवाट जाते. मोठा चढ कोठेच नाही. तेथे आजी-आजोबा थांबत, समुद्र पाहत, गप्पा मारत चालतात.

आता गणित पाहा. ज्याचे पाऊल ७० सेंटीमीटरचे, तो हा लाल पूल ३६० पावलांत ओलांडेल. ५० सेंटीमीटरचे पाऊल टाकणाऱ्या आजींना ५०० हून अधिक पावले लागतील. अंतर तेच, आकडा मात्र वेगळा! म्हणून शेजाऱ्याच्या घड्याळाशी आपली तुलना करू नये.

२०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १६,७०० स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. आजारी माणूस मुळातच कमी चालतो, हे ध्यानात ठेवूनच असे आकडे वाचावेत. तरीही थोडे चालणे वाया जात नाही, एवढे निश्चित. गुरुजींची चार हजार पावले कमी नव्हती, हेच मी त्यांना सांगितले.

चालताना पायांचे स्नायू रक्तातील साखर वापरतात. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की पायांतील रक्त हृदयाकडे ढकलले जाते. म्हणूनच जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे फिरणे मधुमेहींना उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग.

काही पथ्ये मात्र पाळावीत. सुरुवात सपाट वाटेवर करावी. कोरड्या, मऊ वाळूत पोटऱ्यांवर ताण येतो, तेव्हा गुडघेदुखी असणाऱ्यांनी ओल्या, घट्ट वाळूवर किंवा रस्त्याने चालावे. मधुमेहींनी तापलेल्या वाळूत अनवाणी जाऊ नये. पायांची संवेदना कमी झाली असल्यास भाजलेलेही कळत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. तोल सांभाळण्यासाठी घरी खुर्चीच्या पाठीला धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहावे, मग पाय बदलावा. चालताना छातीत दाब, जबड्यात वा डाव्या हातात कळ, घाम किंवा चक्कर जाणवल्यास तेथेच थांबावे आणि विलंब न लावता दवाखाना गाठावा.

आज आपण जितके चालतो, त्यात पुढच्या आठवड्यापासून रोज पाचशे पावलांची भर घालावी. तेवढे अंगवळणी पडले की आणखी पाचशे. सोबतीला कोणी असेल तर उत्तमच; गप्पांच्या नादात वाट कधी सरते ते कळतही नाही.